बुधवारची चिठ्ठी आणि रविवारचं ताट

आजही रविवारी सकाळी चर्चची घंटा कानावर आली की माझा हात आपोआप कमरेकडे जातो. निवृत्त झालो, रिव्हॉल्व्हर केव्हाच जमा केलं, तिथे आता चष्म्याचं घर असतं. बायको हसते. पण त्या आठवड्यात मी जितका घाबरलो होतो तितका सगळ्या नोकरीत कधी घाबरलो नाही, हे मी तिलाही पुरतं सांगितलेलं नाही. या हकिगतीत मी कुणाचं नाव घेणार नाही. ज्यांची घ्यायला हवीत त्यांची कोर्टाच्या कागदांत आहेत.

तेव्हा मी नागपुरात सदर भागाजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत एक जुनं कॅथलिक चर्च होतं आणि त्याच्या मागे ख्रिस्ती कुटुंबांची एक वस्ती. रेल्वेतून निवृत्त झालेले, शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात नर्स असलेल्या, असे लोक. ठाण्याच्या रजिस्टरात या वस्तीचं पान जवळजवळ कोरं होतं. ठाणेदाराला कोऱ्या पानासारखं सुख नाही, आणि आळशीही त्यानेच व्हायला होतं.

एका शनिवारी संध्याकाळी सदरच्या एका चहाटपरीसमोर मोटरसायकलला धक्का लागण्यावरून भांडण झालं. समोर दोन टवाळखोर होते, त्यांतल्या एकाने कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, काढला आणि धक्क्यावरून बोलणाऱ्या पोराच्या छातीत गोळी घातली. पोरगा बावीस वर्षांचा, याच वस्तीतला, चर्चच्या गायनात गिटार वाजवणारा. दवाखान्यात नेईपर्यंत गेला होता. वडील आधीच वारलेले. घरी आई आणि सव्वीस वर्षांचा मोठा भाऊ, एवढेच राहिले.

गोळी घालणाऱ्याला आणि त्याच्या साथीदाराला आमच्या डीबी, म्हणजे गुन्हे शोध, पथकाने मंगळवारी पहाटे पारशिवनीकडच्या एका शेतातल्या गुरांच्या कोठ्यातून उचललं. कट्टाही मिळाला. कोर्टाने सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. वरिष्ठांनी फोनवरून शाबासकी दिली, वर्तमानपत्रात फोटो आला. गुन्हा उघडकीस, आरोपी अटक, शस्त्र जप्त. मी त्या दिवशी दुपारी व्यवस्थित जेवलो, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं, कारण त्यानंतर रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी हजेरी झाल्यावर आमचे एक हवालदार माझ्या खोलीत आले आणि दार लोटून उभे राहिले. माणूस पक्का विठ्ठलभक्त, कपाळी बुक्का. पण मुलीच्या आजारपणात कुणीतरी सांगितलं म्हणून दर बुधवारी चर्चमधल्या नोव्हेनाला जायचे आणि मुलगी बरी झाल्यावरही जात राहिले. नोव्हेना म्हणजे मारियामातेची प्रार्थना. आमच्याकडे तिला हिंदूही पुष्कळ येतात. तिथे एक पद्धत आहे. दाराजवळ एक पेटी असते. ज्याला जे मागायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, पेटीत टाकायचं. प्रार्थनेच्या वेळी फादर त्या चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचतात आणि सगळे मिळून त्या अनोळखी माणसासाठी मागणं मागतात. पोरीचं लग्न, नवऱ्याची दारू, परीक्षेचा निकाल, असं सगळं त्यात येतं.

"साहेब, काल एक चिठ्ठी वाचली फादरनं," हवालदार म्हणाले. "मले तर अंगावर काटाच आला."

"काय होतं?"

"लिहिलं होतं, माते, माझा एक मुलगा गोळीनं गेला. दुसऱ्याजवळ तशीच वस्तू आली आहे. तू ती त्याच्या हातून सोडव."

मी पेन खाली ठेवलं. "पुढं?"

"पुढं काय साहेब, फादर अर्ध्यात अडखळले. नाव नसलं तरी कोनाले समजणार नाही? त्या मेलेल्या पोराची माय पहिल्या बाकावर बसून होती. तिले वाटलं असंल, फादर आधी एकटे वाचतीन, ही मोठ्यानं नाही वाचणार. अन् मोठा भाऊ खांबाजवळ उभा होता. त्यानं मायकडे पाहिलं अन् सरळ बाहेर निघून गेला."

आमच्या खात्यात खबर अनेक वाटांनी येते. पानवाल्याकडून येते, सोडलेल्या बायकोकडून येते, कधी भाऊबंदकीतून येते. देवाला लिहिलेली खबर मला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि नेमकी ज्याच्याविरुद्ध ती होती त्याला ती माझ्याआधी मिळाली होती. आता त्या पोराला ठाऊक होतं की आईला ठाऊक आहे. म्हणजे वस्तू जिथे होती तिथून हलणार. सोमवारी मला आरोपीला कोर्टात हजर करायचं होतं. मोठा भाऊ तिथे येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मी आधी फादरना भेटलो. फादर मूळचे वसईकडचे, मराठी स्वच्छ. डोळे जागरणाने लाल झालेले.

"चिठ्ठ्या मी आधी बघत नाही," ते म्हणाले. "वाचत वाचत पुढे जातो. पुढच्या ओळीत काय आहे हे कळेपर्यंत तोंडातून निघून गेलं होतं. साहेब, ही माझी चूक आहे."

"चिठ्ठी द्या मला."

"नोव्हेनानंतर आम्ही सगळ्या जाळतो. तीही जाळली."

मी चिडलो. जरा आवाज चढवूनच विचारलं की त्या मुलाने चर्चमध्ये पापाची कबुली देताना तुम्हाला काही सांगितलं असेल तर आत्ताच बोला. फादर शांतपणे म्हणाले, "तो आलेला नाही. आला असता तरी मी बोललो नसतो, कबुलीतलं आम्ही बाहेर सांगत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे." मला माहीत होतं. तरीही विचारलं, कारण भीती वाटली की पोलिसाचा आवाज चढतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्वतःबद्दल एवढं तरी मला कळलं होतं.

दुपारी मोठ्या भावाला ठाण्यात बोलावलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेस्याला, एका वर्कशॉपमध्ये तो लोखंडी गेटं आणि ग्रिल बनवायचा. हातावर वेल्डिंगचे बारीक डाग. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मले काहून बोलावलं साहेब? मेला तो माहा भाऊ होय."

"तुझ्याजवळ काय आहे?"

"काही नाही."

"आईनं चिठ्ठीत काय लिहिलं?"

"माय रात्रंदिवस रडून राहिली. तिले काही बी सुचते."

खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. भरपूर तपशील देतो, शपथा घेतो. हा तसा नव्हता. विचारलं तेवढंच सांगत होता आणि मधून मधून घड्याळाकडे बघत होता. असा माणूस मला चोरापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण त्याचं ठरलेलं असतं. उठताना मात्र त्याने विचारलं, "सोमवारी त्याले किती वाजता नेता कोर्टात?" आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच म्हणाला, "माय विचारून राहिली होती."

मी विचारलं, "आलास कसा?"

"बसनं."

"तुझी गाडी?"

"बिघडली."

गाडी बिघडली नव्हती. संध्याकाळपर्यंत पथकाने शोधून काढलं की ती त्याने मंगळवारीच एका माणसाला देऊन टाकली होती आणि तो माणूस शस्त्रांच्या दोन गुन्ह्यांत आमच्या रेकॉर्डवर होता. तो मिळाला नाही. पण बेस्याला रोज ये-जा करणारा माणूस गाडी कशाच्या बदल्यात देतो, हे समजायला तो मिळायलाच हवा असं नव्हतं.

शुक्रवारी घराची झडती घेतली. दोन खोल्या. डाळीचे डबे, गाद्या, माळा, संडासाची टाकी, सगळं पाहिलं. आई दारात उभी होती. विचारलं तर म्हणाली, "कुठं ठेवलं ते मले नाही माहीत." पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात मेलेल्या मुलाचा फोटो, पेटती मेणबत्ती आणि हार घातलेली त्याची गिटार ठेवली होती. शिपाई तिकडे वळला तेव्हा मीच त्याला हाताने थांबवलं. चार दिवसांपूर्वी पुरलेल्या पोराच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असं मला वाटलं. झडती पंचनाम्यात लिहिलं, आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही.

तुम्ही विचाराल, त्याला सरळ आत का नाही टाकलं? प्रतिबंधक कारवाईत ऐन वेळी उचलून चोवीस तास बसवून ठेवता आलं असतं. सोमवार निघाला असता. पण पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, दर पंधरवड्याला येते आणि भावाचं मरण चोवीस तासांत विसरलं जात नाही. मला तो कट्टा हवा होता आणि तो मिळेना.

या काळात वस्ती काय करत होती, ते मला हळूहळू दिसत गेलं. एका पुढाऱ्याने येऊन मोर्चा काढू, सदरचा रस्ता अडवू, असं सुचवलं होतं. आईने नको म्हटलं. संध्याकाळी तिच्या घरी जपमाळेची प्रार्थना व्हायची, ती तर रीतच आहे. पण बुधवारनंतर लोक प्रार्थना संपल्यावर घरी जाईनासे झाले. एक निवृत्त रेल्वे गार्ड होते, सत्तरी ओलांडलेले, सगळे त्यांना अंकल म्हणत. त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. तो पोरगा वर्कशॉपला निघाला की कुणीतरी त्याच बसमध्ये चढायचं. तो अंगणात बसला की दोघं जण शेजारी बसायचे. कुणी त्याला उपदेश केला नाही, कुणी चिठ्ठीचा विषय काढला नाही. मी अंकलना विचारलं, त्यानं चिडून धक्काबुक्की केली तर? ते म्हणाले, "करन ना. त्याले मारायले कोनीतरी पाहिजे, तं आमाले मारन."

मला तेव्हा हा भोळेपणा वाटला. कट्ट्यासमोर जपमाळ, असं मी हवालदारांना म्हणालोसुद्धा.

सातव्या दिवसाची मिस्सा, म्हणजे मृतासाठीची उपासना, रविवारी सकाळी ठेवली होती. सगळी वस्ती येणार, तोही येणार. मी साध्या कपड्यांत आत बसायचं ठरवलं, फाटकांवर चार माणसं लावली. फादरनी विनंती केली की आत शस्त्र आणू नका. मी हो म्हणालो आणि शर्टाखाली रिव्हॉल्व्हर घालून गेलो.

शेवटच्या बाकावरून मला त्याची पाठ दिसत होती. चौथा बाक, एका बाजूला अंकल, दुसऱ्या बाजूला वस्तीतला एक धिप्पाड ड्रायव्हर. त्याच्या शर्टाचा मागचा भाग कमरेवर सपाट होता, हे मी दहा वेळा तरी तपासलं असेल. प्रवचन काय झालं ते मला आठवत नाही. लहान मुलं पहिल्या दोन बाकांवर बसली होती, पांढऱ्या कपड्यांत, आणि त्यातली एक मुलगी सारखी मागे वळून माझ्याकडे बघत होती, एवढं आठवतं.

मिस्सेच्या मध्यावर अर्पण होतं. लोक मागून रांगेने वेदीकडे जातात, भाकर, द्राक्षरस, फळं नेतात. मृतासाठी असेल तर त्याच्या आवडीचं काहीतरी नेतात. गायनातल्या एका मुलीने त्याची गिटार नेली. ती बघून बायका रडायला लागल्या. सगळ्यात शेवटी आई निघाली. हातात स्टीलचं ताट, त्यावर फुलं, जपमाळ आणि खाली क्रोशाचा पांढरा रुमाल पसरलेला. ती माझ्या बाजूने गेली. सावकाश चालत होती, ताट दोन्ही हातांनी अंगाशी धरलेलं. फुलांचं ताट कुणी असं धरत नाही.

हे माझ्या लक्षात आलं तोवर ती वेदीच्या पायऱ्यांपाशी पोचली होती. फादरनी ताट घेतलं आणि वजनाने त्यांचं मनगट खाली गेलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग रुमालाचा कोपरा उचलला.

माझा हात कमरेकडे गेला. मग पांढऱ्या कपड्यांतली ती मुलं दिसली आणि मी हात काढून घेतला. गावठी कट्ट्याला भरवसा नसतो. नुसता पडला तरी उडतो. रुमालाखालच्या कट्ट्याचं तोंड कुणीकडे आहे ते मला दिसत नव्हतं. फादर तसेच उभे होते, मग त्यांनी ताट सावकाश फिरवून स्वतःच्या पोटाशी घेतलं, मुलांकडे पाठ केली आणि मान वळवून मला शोधलं.

मी मधल्या वाटेने चालायला लागलो. पळता येत नव्हतं. चौथ्या बाकापाशी तो उठला. त्याच्यापासून ताट आठ-दहा पावलांवर आणि मी तेवढ्याच अंतरावर मागे. सगळं चर्च बघत होतं. मी मनात म्हटलं, हा आता धावणार.

अंकलनी त्याचं मनगट धरलं. ड्रायव्हरने दुसरं धरलं. मागच्या बाकावरच्या एका नर्सबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग तिच्या शेजारणीने. कुणी ओढलं नाही, ओरडलं नाही. अंकल एवढंच म्हणाले, "बस गा बेटा. बस." तो उभाच होता. मग आई वळली आणि दोघांची नजर भेटली. तो खाली बसला आणि तोंड हातांत घेऊन लहान मुलासारखा रडायला लागला.

फादरच्या हातून मी ताट घेतलं आणि वेदीमागच्या खोलीत गेलो, जिथे ते झगा बदलतात. कट्टा उघडला. आत जिवंत काडतूस होतं. ते मी दुसऱ्या प्रयत्नात काढलं. बाहेर फादरनी मिस्सा पुढे चालू केली होती. गाणं सुरू झालं.

हवालदार आले, अंकल आणि शाळेच्या एक सिस्टर पंच झाले. मी कट्टा निरखून पाहिला आणि कपाळाला हात लावला. तो लख्ख होता. तेल लावून पुसलेला.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. मिस्सा संपल्यावर ती आत आली होती. "सकाळी गिटार पुसून राहिली होती चर्चमंधी न्यायले. तं आतमंधून काही ठक्क वाजलं. हात घालून काढलं. मंग वाटलं, वेदीवर मळकट वस्तू कशी न्यायची? म्हनून पुसलं."

मी दोन दिवसांपूर्वी शिपायाला थांबवलं होतं ती हीच गिटार. आणि आता ठसेही गेले होते. वेदीवर जाणारी वस्तू स्वच्छ हवी, एवढ्या एका रीतीपायी पुरावा पार धुऊन निघाला होता. शिवाय भरलेला कट्टा तिने घासूनपुसून, मुलांच्या समोरून मिरवत नेला होता. तिला मी तसं सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकली. "मले नव्हतं माहीत," एवढंच तीनदा म्हणाली.

मग अंकल हळूच म्हणाले, "साहेब, ठसे नाहीत. कोनी त्याच्या हातात पाहिलं नाही. पेटीजवळ बेवारस मिळाला असं लिहा ना. एक पोरगं तं गेलंच बिचारीचं."

खोटं कशाला सांगू, माझं मन डगमगलं. लेखणी माझ्याच हातात होती. दोन ओळींचा प्रश्न होता आणि कुणी विचारायला येणार नव्हतं. मुलगा दारात येऊन उभा होता. हवालदारसुद्धा माझ्याकडे आशेने बघत होते.

आई म्हणाली, "नाही. वेदीपुढं ठेवलं त्याच्याबद्दल खोटं नका लिहू." मग तिने मुलाचा हात धरून त्याला पुढे आणलं. "असा सुटला तं उद्या दुसरा आनन हा. गाडी गेली, आता हा काही दुसरं देईन. साहेब, एक पोरगं मी मातीत देलं. हे तुमाले देते. पन जिवंत देते, हे ध्यानात ठेवा."

मुलगा म्हणाला, "माहाच होय साहेब. लिहा."

मी लिहिलं. जसं घडलं तसं, ताट, रुमाल, गिटार, सगळं. शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला, अटक केली. सोमवारी खुनाचा आरोपी कोर्टात आला आणि गेला, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. त्याच दिवशी दुपारी मोठ्या भावालाही हजर केलं. बाहेर वस्तीतली निम्मी माणसं डबे घेऊन उभी होती. पुढे त्याला जामीन मिळाला, तेव्हा जामीनदार म्हणून अंकल आणि ड्रायव्हर दोघं सही करायला आले. खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली, तोवर मी निवृत्त झालो होतो.

या केसने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी आधी म्हणतो, झडती घेताना हार घातलेली वस्तूही उघडून बघा. ते ऐकून नवे अधिकारी हसतात आणि लिहून घेतात. पण खरी गोष्ट सांगायला मला जड जातं. मी आठवडाभर कट्टा शोधत होतो आणि ती वस्ती त्या पोराला धरून बसली होती. ज्याला मी भोळेपणा म्हणालो, त्यानेच चौथ्या बाकावर त्याला खाली बसवलं; माझं रिव्हॉल्व्हर तिथे काहीही कामाचं नव्हतं. आणि दुसरं असं की माझं ठाणं त्या बाईच्या घरापासून पायी पाच मिनिटांवर होतं. तिला मदत हवी होती तेव्हा तिने स्वर्गात चिठ्ठी लिहिली, पण ठाण्याची पायरी चढली नाही. याची मला अजून शरम वाटते. कोऱ्या पानावर मी खूश होतो, तिथे कुणी मला ओळखतच नव्हतं.

गेल्या वर्षी सदरमध्ये एका कापडाच्या दुकानात ती भेटली. केस पिकलेले, हातात पिशवी. मी ओळख दिली. मुलगा कसा आहे, विचारलं. "तो वर्कशॉपला जाते," म्हणाली, "तारखेले जाते, घरी येते." मग म्हणाली, "अजूनबी माह्याशी धड बोलत नाही तो. ताट मी नेलं म्हनून."

वाईट वाटतं, असं काहीतरी पुटपुटलो.

"वाईट कायचं?" ती म्हणाली. "न बोलायले बी घरात मानूस लागते ना, साहेब."